खेकडा काय खातो, खेकड्याला कोण खातं

राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सुट्टीत त्या घरच्यांबरोबर कुणकेश्वरला गेल्या होत्या. सातवीतल्या मुलीनं किनाऱ्यावरून चार छोटे खेकडे पकडले आणि समुद्राचं पाणी भरलेल्या डब्यात घालून घरी आणले. वाळूच्या रंगाचे, डोळे दांड्यांवर उभे, पळायला विजेसारखे. कोल्हापूर येईपर्यंत दोन मेले. उरलेले भात, चपाती, कणीक कशालाच तोंड लावत नाहीत. हे नक्की खातात काय? आणि शाळेच्या प्रकल्पात त्यांना कोण खातं तेही लिहायचंय, तर काय लिहावं?

ताई, आधी डब्याचं बघू. तुमचं वर्णन वाळूतल्या भुताखेकड्याचं आहे. शास्त्रीय नाव ओसिपोड. तुमचे दोन खेकडे बहुधा पाण्यात बुडून मेले. खेकडा बुडतो हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण ही जात आता जवळजवळ जमिनीवरची झाली आहे. तिला कल्ले आहेत, ते ओले राहावे लागतात, पण श्वास ती हवेतला घेते. लाटेच्या कडेला येऊन किंवा ओल्या वाळूवर बसून, पायांच्या मुळाशी असलेल्या केसांच्या झुपक्यांनी ओल शोषून घेते. तेवढं पाणी तिला पुरतं. साचलेल्या पाण्यात तासन्‌तास ठेवली की ती गुदमरते. त्यात गाडीतली उष्णता आणि चौघांची घाण एकाच डब्यात.

म्हणून आत्ता लगेच पाणी ओतून टाका. एखादी रुंद बादली घ्या, तळाला जाड फडकं अंथरा. समुद्राचं पाणी थोडं शिल्लक असेल तर फडकं त्यात भिजवा. नळाचं पाणी घालू नका. बादली सावलीत ठेवा, वर जाळी बांधा. खायला काहीही घालू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहून खेकडा मरत नाही, कुजलेल्या कणकेनं नक्की मरतो. गगनबावड्यावरून किंवा फोंडा घाटातून कोणी खाली जाणार असेल तर त्यांच्याकडे द्या आणि संध्याकाळी वाळूवर सोडायला सांगा. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत मात्र सोडू नका. गोड्या पाण्यात त्याचा निभाव लागणार नाही.

आता प्रकल्पाचं. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी पोरांना घेऊन दाजीपूरवरून घाट उतरून किनाऱ्यावर गेलो. पोरं हेच दोन प्रश्न दोन वेगळ्या पानांवर लिहायची. एका पानावर 'आहार', दुसऱ्यावर 'शत्रू'. माझं सांगणं असायचं की पान एकच ठेवा. खेकड्याला काय आवडतं यावर त्याचं जेवण ठरत नाही. जिवाला धोका कमी असेल तेवढ्या वेळात, हातातल्या डेंग्यांनी, म्हणजे नांग्यांनी, जे मिळेल, ते त्याचं जेवण. भरतीचं पाणी वर आलं की मासे येतात, ओहोटीला पाणी हटलं की पक्षी येतात. या दोघांच्या मधल्या फटीत तो जेवतो.

तुमच्या मुलीनं कुणकेश्वरला ओहोटीच्या वाळूवर लाखो बारीक गोळ्या पाहिल्या असतील. मोहरीपासून ज्वारीएवढ्या, भोकाभोवती किरणांसारख्या ओळींत मांडलेल्या. दहातले नऊ जण त्याला खेकड्याची विष्ठा समजतात. ती विष्ठा नाही. ते त्याचं उष्टं आहे, आणि ते बनताना बघणं ही किनाऱ्यावरची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट.

पाणी हटल्यावर वाळूत शांत बसायचं. उभं राहायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. पाच-सात मिनिटांनी भोकाच्या तोंडाशी वाळू हलते आणि चिंचोक्याएवढा खेकडा वर येतो. हा डॉटिला. आधी दार साफ करतो, मग भोकापासून बाहेरच्या दिशेनं सरळ रेषेत सरकायला लागतो. दोन्ही डेंगे आळीपाळीनं खाली जातात, चिमूटभर वाळू उचलतात आणि तोंडात सारतात. हात इतके भरभर चालतात की मोजता येत नाहीत. खेकड्याच्या तोंडाशी अवयवांच्या सहा जोड्या असतात आणि त्यातल्या काहींवर बारीक केस असतात. कल्ल्यांच्या कप्प्यातलं पाणी तो तोंडात सोडतो. जड वाळू खाली राहते आणि हलकं ते तरंगतं. सूक्ष्म शैवाल, जिवाणू, कुजलेल्या पाल्याचे कण केसांनी वेचून तो गिळतो. धुतलेली वाळू तोंडाच्या वरच्या अंगाला गोळा होते. गोळी पुरेशी मोठी झाली की तो डेंग्यानं ती कापल्यासारखी काढतो आणि पोटाखालून मागं सारतो. मग पुढची चिमूट. आपल्याकडे आजी सुपात तांदूळ पाखडते ना, तसंच, फक्त वाऱ्याऐवजी पाण्यानं.

आता ती ओळ सरळच का असते ते मुलीला विचारा. खेकडा एकदा खाल्लेली वाळू पुन्हा चाळत नाही, म्हणून ताज्या वाळूवर सरकतो, आणि गोळ्या तो चरातून बाजूला टाकतो. चर मोकळा राहतो. मी एकदा मुद्दाम हात हलवला, तर तो खेकडा त्या मोकळ्या चरातून थेट भोकात गेला, एकही गोळी आडवी आली नाही. जेवणाचा रस्ता तोच पळायचा रस्ता. किनाऱ्यावर उतरलेले चिखल्या पक्षी याच छोट्या खेकड्यांवर टपलेले असतात. चार पावलं पळायचं, थबकायचं, टोच मारायची. जेवणाची ओळ आणि पक्ष्याची भीती तुम्हाला वेगळी काढताच येणार नाही.

खाडीच्या चिखलात हीच पद्धत फिडलर खेकड्याची. नराचा एक डेंगा प्रचंड मोठा, अंगाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जड असू शकतो, आणि तो जेवायला बिनकामाचा. तो हलवून मादीला बोलवायचं आणि दुसऱ्या नराशी झुंजायचं. चिखल उचलायला उरला एकच छोटा हात. मादीचे दोन्ही हात छोटे, म्हणून ती कमी वेळात पोट भरते आणि नर जास्त वेळ उघड्यावर राहतो. तिथं त्याला गाठतो व्हिंब्रेल नावाचा हिवाळी पाहुणा. लांब, खाली वाकलेली चोच वळणाच्या बिळात अगदी बेतल्यासारखी जाते. खाडीतली निवटीही, म्हणजे चिखलावर सरपटणारा छोटा मासा, लहान फिडलर गिळते, हे अनेकांना माहीत नसतं.

आता तुमच्या डब्यातला ओसिपोड. हा चाळणारा नाही, शिकारी आणि सफाई कामगार दोन्ही आहे. लाटेनं उघडे पडलेले छोटे शिंपले, वाळूतले किडे, दुसरे खेकडे, लाटेबरोबर आलेला मेलेला मासा, जाळ्यातून टाकून दिलेला चुरा, काहीही चालतं. वाळूतलं शैवाल चाळतानाही मी त्याला पाहिलं आहे. तो मुख्यतः रात्री बाहेर पडतो. म्हणून दिवसा डब्यात, चार माणसं वाकून बघत असताना, तो जेवत नाही यात नवल काही नाही. पळण्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर असतो.

ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी आणि पिल्लं हेही त्याचं खाणं. कोकणात ही कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली घरट्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. तिथं अंडी कुंपणाच्या आत हलवतात, ती माणूस, कुत्री, कोल्हे यांच्यापासून वाचावीत म्हणून, आणि खेकड्यांपासूनही. मुलीला इथं खेकडा दुष्ट वाटेल. तसं लिहू देऊ नका. कासवाचं एक घरटं म्हणजे शंभराच्या आसपास अंडी. त्यातली काही खेकड्याच्या, घारीच्या, माशाच्या वाट्याला जाणार हे धरूनच कासव इतकी अंडी घालतं. बिघडतं ते माणूस आणि त्याची मोकाट कुत्री यांची त्यात भर पडते तेव्हा.

या जातीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. खेकड्याच्या पोटात दात असतात. जठरात तीन, एक मधला आणि दोन बाजूचे, त्यांनी अन्न दळलं जातं. आपण त्याला जठरातलं जातं म्हणू. अटलांटिक किनाऱ्यावरच्या भुताखेकड्यावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की शत्रू समोर असताना डेंगे उगारलेले असले, म्हणजे डेंगा घासून आवाज काढायला मोकळा नसला, की हा प्राणी पोटातले दात घासून गुरगुरतो. दळायचं जातं आणि दमदाटीचा आवाज, दोन्ही एकाच अवयवात.

खडकांवरचे खेकडे थोडक्यात सांगतो. कुणकेश्वरच्या देवळाखालच्या कातळावर लाटेच्या फटकाऱ्यात बसलेला चपटा, चपळ खेकडा ग्रॅप्सस. त्याच्या डेंग्यांची टोकं चमच्यासारखी असतात, त्यांनी तो खडकावरचं शैवाल खरवडतो. डेंग्याचं टोक बघितलं की जेवण ओळखता येतं, आणि प्रकल्पात हेच चित्र काढायला सांगा. चमचा म्हणजे खरवडणारा. बारीक चिमटा म्हणजे वेचणारा. जाडजूड, आतून दाढांसारखा खडबडीत म्हणजे फोडणारा.

फोडणाऱ्यांचा राजा खाडीतला मोठा काळपट खेकडा, मालवणात कुर्ली, मुंबईकडे चिंबोरी. लक्ष्मीपुरीच्या मासळी बाजारात डेंगे सुतळीनं बांधून येतो तो. त्याचे दोन्ही डेंगे सारखे नसतात. एक दाढांचा, फोडायला. दुसरा धारदार, कापायला. बाजारात हातात घेऊन मुलीला दाखवा, सुतळी न सोडता. त्याच्या जेवणातला मोठा वाटा शिंपले आणि समुद्री गोगलगायींचा असतो, त्याखालोखाल दुसरे खेकडे आणि कोळंबीसारखे कवचधारी. मासा तो खातो, पण पळता मासा त्याला क्वचितच सापडतो. तो हळू किंवा जागेवर बसलेल्या जीवांचा शिकारी आहे. बहुतांशी शाकाहारी म्हणावेत असे खेकडे कांदळवनात भेटतात. गळालेली पानं ओढून बिळात नेणारे हे छोटे खेकडे पानांचा चुरा करतात आणि चिखलाला खत मिळतं.

पाठ्यपुस्तकात जो 'किनाऱ्याचा खेकडा' म्हणून येतो तो युरोपातला हिरवा खेकडा, कार्सिनस मेनस. आपल्या कोकणातला नव्हे, हे प्रकल्पात स्पष्ट लिहावं. पण त्याच्यावरचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७८ मध्ये एल्नर आणि ह्यूज या दोघांनी खेकड्यांपुढे वेगवेगळ्या आकाराचे शिंपले ठेवले. आपल्याला वाटेल की खेकडा सगळ्यांत मोठा उचलेल, जास्त मांस म्हणून. तसं झालं नाही. त्यानं मधल्या आकाराचे पसंत केले. मोठा शिंपला फोडायला वेळ लागतो, लहानात मांस नाही. फोडण्याच्या दर मिनिटाला सर्वांत जास्त पोटात जाईल असा आकार त्यानं निवडला. जवळ शिंपले कमी असले की मग मिळेल तो. बाजारात आपण 'भावात परवडतं का' बघतो, तो वेळात परवडतं का बघतो. शिंपला फोडायला गुंतलेला खेकडा म्हणजे डेंगे अडकलेला खेकडा, हे मी माझ्याकडून त्यात जोडतो.

शत्रूंमधले पक्षी तर आलेच. त्यात समुद्र बगळा, कुरव, खंड्या, ब्राह्मणी घार यांची भर घाला. क्रॅब प्लोव्हर नावाचा काळा-पांढरा पक्षी तर मुख्यतः खेकड्यांवर जगतो, त्याची चोच त्यासाठीच जाड आणि दणकट झालेली आहे. रात्री वाळूवर कोल्हा येतो. कोकणात किनाऱ्यालगत कोल्ह्यांचे ठसे आणि फोडलेल्या कवचाचे तुकडे शेजारी-शेजारी दिसतात. भरतीबरोबर तांबोसा, शिंगाळा, पाकट हे मासे वर सरकतात, आणि खडकात ऑक्टोपस. खेकडा त्याचं आवडतं खाणं. आठ हातांत गुंडाळतो, पोपटासारख्या चोचीनं चावतो आणि विषारी लाळ सोडून खेकड्याला लुळा करतो. कवचं दाराशी टाकतो, त्या ढिगावरून त्याचं बीळ ओळखता येतं.

पण खेकड्याच्या आयुष्यातली सर्वांत वाईट वेळ कोणती विचाराल तर कात टाकण्याची. कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं तर जुनं कवच सोडून मऊ अंगानं बाहेर यावं लागतं. अंग पाण्यानं फुगवून तो मोठा होतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत लपून बसतो. बाजारात जो 'पोकळ' खेकडा लागतो, आत पाणीच पाणी, तो असा नुकताच कात टाकलेला. या काळात तो स्वतः जेवत नाही, डेंगेच मऊ असतात. आणि त्याला खायला सगळे टपलेले असतात, अगदी त्याचे भाऊबंदही. मऊ कवचाचे खेकडे पाळणारे प्रत्येकाला वेगळ्या डब्यात ठेवतात ते याचसाठी. कांदळवनात गेरार्डा नावाचा साप आहे. साप भक्ष्य सबंध गिळतो असं आपण शिकवतो. हा साप मऊ खेकड्याला वेटोळ्यात धरून तोंडानं ओढतो आणि तुकडे तोडून खातो. २००२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. त्यानंतरच्या वर्षी मी वर्गातलं माझं जुनं वाक्य बदललं.

एक शत्रू बाहेरून दिसत नाही. सॅक्युलिना. ही खरं तर खडकावर चिकटणाऱ्या बार्नॅकलची नातेवाईक, पण खेकड्याच्या अंगात मुळांसारखी पसरते. खेकडा जगतो, जेवतो, पण त्याचं प्रजनन थांबतं आणि पोटाखाली अंड्यांच्या जागी परजीवीची पिशवी वाढते. नर असला तरी तो मादीसारखं पोट रुंद करून त्या पिशवीची अंड्यांसारखी निगा राखतो. त्यानं खाल्लेला घास आता दुसऱ्याच्या वंशासाठी असतो.

आणि संख्येनं पाहिलं तर बहुतेक खेकडे खेकडा होण्याआधीच खाल्ले जातात. खाडीतली एक मोठी कुर्ली लाखो अंडी पोटाखाली बाळगते. त्यातून निघणारं पिल्लू टाचणीच्या डोक्याहूनही बारीक, पाठीवर काटा, खेकड्यासारखं अजिबात न दिसणारं. ते पाण्यात तरंगत असताना बांगड्यासारखे मासे ते गाळून खातात. तेव्हा 'खेकड्याचा शत्रू' म्हणून नुसता घारीचा फोटो चिकटवू नका. आपल्या ताटातला बांगडाही तिथं बसतो.

पुन्हा जाल तेव्हा ओहोटी गाठायची असेल तर कोळी आजोबांकडून शिकलेला हिशेब देतो. पंचांगातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत लांब हटतं, वाळूवरच्या गोळ्या बघायला तेच दिवस चांगले. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, फारसं उघडं पडत नाही. कोल्हापुरातून निघायची वेळ त्यावरून ठरवा. पोचल्यावर मुलीनं दर दहा मिनिटांनी दोनच गोष्टी लिहायच्या: किती खेकडे बाहेर आहेत आणि किती पक्षी खाली उतरलेत. तिच्या वहीतल्या आकड्यांना माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त किंमत आहे.

तोपर्यंत घाटाखाली जायची गरजही नाही. मृगाचा पाऊस पडला की पन्हाळा, राधानगरी, भुदरगडच्या ओढ्यांत आणि भाताच्या बांधांवर आपलाच खेकडा बाहेर येतो. उन्हाळाभर तो बिळात दडून असतो. कुजका पाला, शेवाळ, गांडूळ, गोगलगायी, बेडकाची पिल्लं, मेलेला मासा, सगळं खातो. त्याला खातात ढोकरी, खंड्या, मुंगूस आणि बॅटरी घेऊन रात्री ओढ्यात उतरलेले आपण. या सह्याद्रीतल्या खेकड्यांच्या एका गटाला घाटांवरूनच 'घाटियाना' हे नाव २०१४ साली दिलं गेलं, इतकं नवं काम अजून इथं चाललं आहे. समुद्रातल्या खेकड्याशी याचा मोठा फरक म्हणजे याची पिल्लं पाण्यात तरंगत जात नाहीत. अंड्यातून सरळ छोटा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतो. मुलीला जून-जुलैत ओढ्यावर न्या, एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, पाणी गुडघ्याच्या वर नसेल अशा ठिकाणी. दगड हळू उचला. रुंद पोटाची मादी सापडली तर मागून, पाठीच्या कडांना धरा, झडप किंचित उघडून बघा. आत मुगाएवढी पिल्लं एकमेकांवर चढलेली दिसतील. बघून झालं की तिला त्याच दगडाखाली ठेवा आणि दगड होता तसा परत लावा.